ताणावरची बाग

काळ्या जमिनीत परसबाग करणाऱ्याला पावसाळा म्हणजे जवळजवळ सुट्टीच. जून ते सप्टेंबर सिंदी मेघेच्या मातीत पाय टाकला की चप्पल मातीकडेच राहते, आणि खुरपं बाहेर काढावं तर ते अर्धा किलो चिखल घेऊनच येतं. इथल्या बागेचं वर्ष सुरू होतं दसरा उलटल्यावर. हवेतला दमटपणा जातो, पहाटे गोधडी लागते, तेव्हा.

गाव आता वर्धा शहराला इतकं चिकटलंय की शहर कुठे संपलं हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळावं. शेतांचे लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, घरं उठली. पण आवारभिंतीच्या आत जी चार हात सांदवाडी उरते, तिची माती अजून कापसाच्या शेतातलीच आहे. पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगाळताना लहान मुळं तटातट तोडते. शहरातून आणलेल्या बागकामाच्या पुस्तकात ‘रोज सकाळी पाणी द्यावे’ असं लिहिलेलं असतं. ते कुंडीला ठीक. या जमिनीला रोज पाणी द्याल तर मुळांना श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि मिरचीचं झाड उभ्या उभ्या पिवळं पडतं.

म्हणून इथलं पहिलं काम वाट पाहण्याचं. वाफशाची वाट. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा, छातीच्या उंचीवरून सोडायचा. पडून पसरट झाला तर अजून थांबा. दगडासारखा राहिला तर उशीर झाला. भुसभुशीत फुटला की मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर टाकून मोकळं व्हायचं. यांचं फार कौतुक करायला नको, महिन्या-दीड महिन्यात ताटात येतात, गाजर तेवढं जास्त वेळ घेतं. वांग्याकडे मात्र रोज बघावं लागतं. एखादा शेंडा मान टाकून लोंबलेला दिसला की आत अळी आहे असं समजून तो बोटभर खालून खुडायचा आणि चुरडून टाकायचा. झाडाखाली टाकून दिलात तर खुडण्यात काही अर्थ नाही.

डिसेंबरात खरी परीक्षा. लिंबाला आणि मोगऱ्याला पाणी तोडायचं. आर्वी, आष्टी, कारंजा घाडगेकडचे संत्रेवाले आंबिया बहारासाठी हेच करतात. भारी जमिनीत दीड-दोन महिने झाड ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, कडा वळतात, काही गळतात. नव्या माणसाचा हात अशा वेळी पाइपकडे जातोच. शेजारच्या आजी भिंतीवरून बघत असतात. “अवं बाई, पाणी नको देऊ आत्ताच. राहू दे त्याले ताणावर.” झाडाची वाढ थांबली की साठवलेलं अन्न फुलासाठी शिल्लक राहतं, हे शास्त्र आजींना कुणी शिकवलेलं नाही. संक्रांतीच्या आसपास आळं हलकं चाळायचं, शेणखत घालायचं आणि ताण तोडायचा, पण एकदम नाही. आधी हलकं पाणी, ती आंबवणी. मग काही दिवसांनी भरपूर, ती चिंबवणी. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं तर झाड फुलाऐवजी पालवीवर जातं. मोगऱ्याची छाटणीही याच सुमारास. उरलेली जुनी पानंसुद्धा ओरबाडून काढायची. झाड भुंडं दिसतं, पाहुणे हळहळतात. हळहळू द्यावं.

पाणी हात राखून द्यायचं, याला एक अपवाद आहे. 2018च्या डिसेंबरअखेर शेजारच्या नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तसा गारठा आला की संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्यावंच. ओली माती दिवसाची ऊब रात्री जास्त वेळ धरून ठेवते. पपई, टोमॅटो तेवढ्यावर निभावतात.

महाशिवरात्रीच्या सुमारास पळस पेटतो आणि कडुनिंब पानं टाकू लागतो. तेव्हा सकाळी सकाळी लेआउटमधल्या प्रत्येक गल्लीत धूर. झाडलोट करायची, ढीग करायचा, काडी लावायची. मला हे कधी पटलं नाही. इंदूरला अल्बर्ट हॉवर्डने काडीकचरा, शेण आणि माती थरावर थर रचून खत करण्याची पद्धत बसवली आणि 1931 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. आणि वर्ध्यात तर पाला जाळणं मुळीच पटत नाही. पलीकडे धाम नदीकाठी पवनारला विनोबांनी 1950 साली कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग मांडला, बैलांवाचून केवळ हातांनी शेती केली, ती ऋषिशेती. आमच्या सांदवाडीत बैल वळायलाच जागा नाही, त्यामुळे ऋषिशेती आपोआपच होते. पण ऋषी पाला जाळत नसत.

फेब्रुवारीत ढेमसं, काकडी, दोडकं, भेंडी लावून घ्यायची. बी रात्रभर भिजवलं तर लवकर उगवतं. वाढ चांगली झाली की मग त्यांच्या बुडाशी हाच पाला चार बोटं जाड पसरायचा, सोयाबीनचं कुटार मिळालं तर तेही. खोडाला मात्र चिकटवायचा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 45च्या वर जातो, बोअर गुळण्या टाकू लागते, आणि उघडी काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळते. झाकलेल्या जमिनीला पाणी कितीतरी कमी लागतं. तेव्हा येत्या फाल्गुनात अंगण झाडाल, तर काडेपेटी घरातच राहू द्या. पाला नकोच असेल, तर पोत्यात भरून माझ्या फाटकाशी ठेवा.