माहेरच्या नावाचं खातं

जर्नल या शब्दाचा अर्थ मला विसाव्या वर्षी समजला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी चुकला. बी.कॉम.ला जर्नल म्हणजे रोजकीर्द, एवढं घोकून पास झालो आणि बँकेत चिकटलो. त्यामुळे समाजशास्त्रात एम.ए. करणारी आमची कन्या परवा जेवताना म्हणाली, "बाबा, शहाद्याच्या चळवळीवरचा जर्नलमधला लेख हवाय," तेव्हा मी सहज विचारलं, "नावे की जमा?" तिने आईकडे पाहिलं. आईने ताकाकडे.

दुसऱ्या शनिवारी बँक बंद. बापाचं कर्तव्य म्हणून तिच्याबरोबर कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी माहिती दिली की ड्युई नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८७६ साली अवघ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. त्यात ३०० पासून समाजशास्त्रं. बँका ३३२ वर. म्हणजे इतकी वर्षं मी समाजशास्त्रातच नोकरी करत होतो! ही गोष्ट कन्येला मोठ्या अभिमानाने सांगितली. तिने ती फारशी मनावर घेतली नाही.

मग ती संगणकापुढे बसली. 'नंदुरबार' असं टाकलं, तर हल्लीचे पाचपंचवीस लेख आले. चळवळीच्या काळातलं काहीच नाही. पोरीचा चेहरा उतरला. इथे मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. एखाद्या बाईचं जुनं खातं सापडेना, की आम्ही काउंटरवरून विचारतो, "ताई, माहेरचं नाव काय?" नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही धुळ्यात, आणि इंग्रजी कागदांत धुळ्याचं 'धुलिया'. १९६० पूर्वी तर पश्चिम खानदेश! म्हटलं, "माहेरचं नाव टाक."

'शहादा' आणि 'धुलिया' टाकल्याबरोबर खातं उघडलं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचा शहादा चळवळीवरचा लेख, १९७६ चा, 'जर्नल ऑफ पेझंट स्टडीज'मधला. शहादा आमच्यापासून एसटीने तासाभरावर. लेख मात्र छापला लंडनने, आणि वाचायचा तर परकी चलनात पैसे मागत होता. मी पाकिटाला हात घातला, तोच ग्रंथपाल म्हणाले, "थांबा साहेब, ग्रंथालयं एकमेकांना मागून घेतात." त्यांनी विद्यापीठातल्या स्नेह्याला निरोप धाडला. आठ दिवसांत लेख हजर. शेवटी संदर्भांची यादी. पूर्वी खातं उघडताना जसा ओळखदार लागायचा ना, तसाच हा प्रकार. एक लेख पुढच्या दहांची ओळख करून देतो.

रात्री कन्या लेख वाचून समजावू लागली. भूमिहीन भिल्ल मजूर, त्यांच्या हातून गेलेल्या जमिनी, १९७२ ची श्रमिक संघटना. मला स्फुरण चढलं. आजोबा शहादा तालुक्यातलेच की! माळ्यावरून त्यांची वही काढली. अक्षर मोत्यासारखं. एका पानावर सालदाराचं खातं: नावे ज्वारी, नावे धोतरजोडी, नावे लग्नासाठी उचल.

"आणि जमेला?" कन्येने विचारलं.

जमेची बाजू कोरी होती. वर्षभर शेतात राबला तो माणूस. ते कुठल्या रकान्यात लिहितात, हे आजोबांना बहुधा कुणी शिकवलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी रोज संध्याकाळी तेरीज जुळवत आलो. ही जुळेना.

"बाबा, हे प्रबंधात घालते. त्याचं नाव काय?"

पान वर केलं, खाली केलं, दिव्याजवळ नेलं. माथ्यावर नुसतं 'सालदार' लिहिलं होतं. इतक्या वर्षांत असं खातं मी प्रथमच पाहिलं, ज्याला शोधायला माहेरचंसुद्धा नाव नव्हतं.