खिशात आभाळाचा परवाना!

कार्ड हातात पडलं आणि मी ते उलटसुलट करून बघतच राहिलो. मागच्या बाजूला चक्क विल्बर आणि ऑर्व्हिल राइट! माझा फोटो नाही, मुदतीची तारीखही नाही. अमेरिकेचा खाजगी वैमानिकाचा परवाना एकदा मिळाला की संपत नाही. दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकासोबत उजळणी करायची आणि मेडिकल चालू ठेवायचं.

आणि मुभा तरी केवढी! कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसहून उडायचं, डोंगर ओलांडायचा, की समोर पॅसिफिक आणि किनाऱ्याला लागून हाफ मून बेची धावपट्टी. तिथे टॉवरच नाही! उतरू का, म्हणून विचारायचं कुणाला? रेडिओवर नुसतं सांगायचं, ‘हाफ मून बे ट्रॅफिक, डाउनविंड, रनवे थ्री झीरो.’ आसपासचे वैमानिक ऐकतात, आपापला क्रम लावतात आणि आपण उतरतो. हवा स्वच्छ असेल तर एवढ्यासाठी फ्लाइट प्लॅनही भरावा लागत नाही. माणसावर इतका विश्वास टाकणारा कायदा मी तरी पाहिला नव्हता.

समुद्रावरून धुकं आत आलं की मात्र परत फिरायचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगशिवाय ढगात शिरायला सक्त मनाई.

पैशांचा नियम तर मला फारच आवडला. चौघं मिळून निघालो, तर विमानाचं भाडं, इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क यांतला किमान चौथा हिस्सा माझ्याच खिशातून जायला हवा. मित्र म्हणाला, “अरे, मला सांता बार्बराला सोड ना, सगळा खर्च माझा.” नाही जमणार! निम्मा खर्च देतो म्हणाला तरी नाही, कारण मला स्वतःला तिथे जायचं नाहीये. दोघांनाही जायचं असेल, तरच खर्च वाटून घेता येतो. म्हणजे शेजारी बसलेला माणूस कधी गिऱ्हाईक होतच नाही, तो सोबतीच राहतो. किती सुंदर आहे हे!

कार्डावर छापलंय, ‘एअरप्लेन सिंगल इंजिन लँड’. म्हणजे दोन इंजिनांचं विमान नाही, पाण्यावर उतरणारंही नाही. शेपटीला चाक असलेलं विमान हवं, तर प्रशिक्षकाकडून शिकून लॉगबुकात त्याची सही घ्यायची. मला ते सगळं शिकायचंय!

पण आधी आई येतेय पुण्याहून. प्रवासी न्यायचा तर मागच्या 90 दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. शनिवारची सेस्ना बुक केलीय.