तांबडी शाई आणि यंत्राचा कान



हे पुस्तक तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी उघडत असाल, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. कोणी दुकानाचे शटर ओढल्यावर, कोणी एस.टी.च्या प्रवासात, कोणी घरातली मुले झोपी गेल्यानंतर. पुस्तकाशेजारी बहुधा मोबाईलही असतो. अडलेला शब्द त्याला विचारता येतो, न समजलेला भाग ऐकता येतो. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत मी अनेक वर्षे भाषाविज्ञान शिकवीत आलो आहे. या काळात शिकण्याची साधने माझ्या डोळ्यांदेखत पालटली. त्या पालटाविषयी, आणि त्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, आज तुमच्याशी बोलावयाचे आहे.

पीएच.डी.च्या कामासाठी मी देगलूर आणि उदगीरच्या परिसरातली गावे हिंडलो. एकीकडे तेलुगू, दुसरीकडे कन्नड, आणि निजामी राजवटीपासून रुळलेली उर्दू, अशा शेजारात वाढलेली तिथली मराठी मला नोंदवून घ्यावयाची होती. खांद्यावरच्या पिशवीत टेपरेकॉर्डर, मोजक्या कॅसेटी आणि जास्तीचे सेल असत. रात्री तीच कॅसेट मागेपुढे फिरवून एकेक शब्द कार्डावर उतरवून घ्यायचा. जुन्या शब्दाचा अर्थ पाहावयाचा तर मोल्सवर्थचा कोश ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात, आणि किल्ली ज्याच्याकडे तो कर्मचारी रजेवर. १८३१ साली प्रथम छापलेला आणि १८५७ साली सुधारून निघालेला तो कोश आज तुमच्या फोनवर उघडतो. मराठी विश्वकोशाचे खंडही तसेच वाचता येतात. ही सोय मला तुमच्या वयात मिळाली असती तर माझी दोन वर्षे वाचली असती. म्हणून यंत्राविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

साधन कोणाच्या भाषेत बोलते, हा प्रश्न मात्र मराठवाड्याला नवा नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. त्याआधीच, १९१७ साली, पाठ्यग्रंथ तयार करण्यासाठी तेथे भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. ती भाषा उर्दू होती. ज्यांच्या घरी उर्दू बोलली जाई त्यांना विद्यापीठाचे दार जवळ आले. नांदेड-लातूरकडच्या मराठी मुलाला मात्र पदवीसाठी गाव सोडावे लागे, आणि पुष्कळदा भाषाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटू लागले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८९ साली, नाशिकला मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली होती. वर्गात येऊ न शकणाऱ्याकडे शिक्षणानेच जावे, हा त्यामागील विचार. विद्यापीठ असे टप्प्याटप्प्याने तुमच्या घराजवळ आले. मोबाईलने ते थेट घरात आणले.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्राला देगलूर तालुक्यातून एक अंगणवाडी सेविका येत असत. वय चाळिशीच्या पुढचे. 'माझ्या कामाचा दिवस' या विषयावरचा त्यांचा पहिला स्वाध्याय हाताने लिहिलेला होता. मी तो तपासला आणि ठिकठिकाणी तांबड्या शाईने खुणा केल्या. 'लेकरं खेळायलेत' या वाक्याखाली तर दोन रेघा ओढल्या. दुसरा स्वाध्याय आला तो छापील, निर्दोष आणि गुळगुळीत. त्यात बालकांचा सर्वांगीण विकास होता, समाजाच्या जडणघडणीतले योगदान होते. अंगणवाडी कोठेच नव्हती. मी घाईत होतो. 'उत्तम प्रगती' असा शेरा मारून मोकळा झालो.

पुढच्या सत्राला त्या स्वतःच बोलल्या. दुसरा स्वाध्याय त्यांनी आधी फोनवर बोलून लिहावयाचा प्रयत्न केला होता. त्या 'लेकरं खेळायलेत' म्हणाल्या, तर फोनने 'लेकरं खेळायला येत' असे लिहिले. तीनदा म्हणाल्या, तीनदा तसेच. शेवटी कंटाळून त्यांनी उत्तर लिहिण्याचे काम यंत्रावरच सोपविले. त्या हसत म्हणाल्या, "सर, मशीनलाबी माझं बोलणं चुकीचं वाटायलंय. तुम्हालाबी वाटलंच होतं की."

मित्रहो, मराठवाड्याच्या बोलीवर ज्याने प्रबंध लिहिला, त्याला हे ऐकावे लागले. 'खेळायलेत' हे रूप अशुद्ध नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असावे? प्रमाण मराठीत जेथे 'खेळत आहेत' येते, तेथे आमच्या बोलीत 'खेळायलेत' येते. तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत : लिंग आणि वचन यांनुसार रूप नेमके बदलते. नियम आहे, तोही काटेकोर. मी माझ्या प्रबंधात त्याचे कोष्टक दिले आहे. तेच रूप एका विद्यार्थिनीच्या वहीत दिसले, तेव्हा माझ्या हाताने सवयीने रेघ ओढली.

यंत्राने तरी निराळे काय केले? बोललेले लिहून देणाऱ्या यंत्राला पुष्कळसा मजकूर आणि ध्वनिमुद्रणे पुरविलेली असतात. कोणत्या आवाजापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते त्यांवरून मांडते. जे विपुल छापले गेले ते त्याला ओळखीचे वाटते. जे ओट्यावर, शेताच्या बांधावर, आठवडी बाजारात बोलले गेले पण कोठे लिहिले गेले नाही, ते त्याला चुकीचे वाटते. आणि ते लिहिले का गेले नाही? आम्ही शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याखाली तांबड्या रेघा ओढल्या, हेही त्याचे एक कारण आहे.

मी त्यांचा पहिला स्वाध्याय परत मागवून घेतला. पुन्हा वाचला, तेव्हा त्यात पावसाळ्यात गळणारे छप्पर दिसले, खिचडीची वाटी घरी धाकट्या भावासाठी नेणारे लेकरू दिसले. परीक्षेत प्रमाणभाषा लागते आणि ती तुम्हाला यावयाचीच आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यासाठी आम्ही दोघांनी बसून तो मजकूर प्रमाण मराठीत आणला. निवेदन बदलले, लेकरांचे बोलणे जसेच्या तसे अवतरणचिन्हांत ठेवले. छप्पर आणि वाटी दोन्ही राहिली. शेवटी मी माझ्या 'उत्तम प्रगती' या शेऱ्यावर काट मारली.

तेव्हापासून वर्गात मी एक गोष्ट सांगतो, ती तुम्हालाही सांगतो. कोश पाहण्यासाठी, व्याख्यान पुन्हा ऐकण्यासाठी, शंका विचारण्यासाठी यंत्राचा उपयोग संकोच न करता करा. पण पहिला मसुदा स्वतः लिहा. वाक्य वाकडे होईल, शब्द आठवणार नाही; शिकणे घडते ते त्या अडण्यातच. नंतर यंत्राला दाखवा, आणि त्याने एखादा शब्द बदलला तर लगेच मान तुकवू नका. चूक आपली की त्याचे ऐकणे अपुरे, हे तपासून पाहा. भाषेचा विद्यार्थी म्हणून तेवढा अधिकार तुम्हाला आहे.

हा पाठ मिटण्यापूर्वी एक काम करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या लहानपणाविषयी विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन दहा मिनिटे फोनवर ध्वनिमुद्रित करा. मग ते ऐकून, कानाला आले तसेच, हाताने वहीत उतरवा, सुधारू नका. ज्या फोनने त्या ताईंचे वाक्य बदलले, त्याच प्रकारचा फोन येथे तुमच्या आजीचे वाक्य जपून ठेवील. पुढच्या संपर्कसत्राला ती वही सोबत आणा. मी तांबडा पेन घरी ठेवून येईन.