रबर गेलं कुठं?

मुलांनो, तुम्ही म्हणाल, शाळेतल्या बाईंना मोटारीच्या ऑईल फिल्टरशी काय देणं-घेणं? बाईंनी पाढे घ्यावेत, शुद्धलेखन तपासावं! पण मी एका एस.टी. मेकॅनिकची मुलगी आहे. डी.एड. होऊन हातात खडू घेतला, त्याच्या कितीतरी आधी या हातांना ग्रीस लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी एक जुनी मारुती ८०० घेतली. ही गाडी आपल्याकडं १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. आमची मात्र अजून धावते, कारण आप्पा तिचं ऑईल वेळच्या वेळी बदलतात. अलीकडं त्यांचे गुडघे कुरकुरतात. म्हणून गाडीखाली मी शिरते आणि आप्पा खुर्चीत बसून हुकूम सोडतात.

तर गोष्ट एका दिवाळीच्या सुट्टीतली. आप्पा परगावी लग्नाला गेले होते. मला वाटलं, ते यायच्या आत ऑईल बदलून टाकू, खूश होतील! मदतीला माझा भाचा ओम होता, सहावीतला. भाचा म्हणजे भावाचा मुलगा बरं का, त्यामुळं मी त्याची आत्या.

आधी फिल्टर आणायला दुकानात गेलो. फिल्टर म्हणजे मोठ्या कपाएवढा पत्र्याचा डबा. त्यात कागद असतो, आपण कागदाचा पंखा करताना घालतो तशा घड्या घातलेला. डब्याच्या तोंडाशी कडेनं बारीक भोकं आणि मधोमध एक मोठं, आटे पाडलेलं भोक. बारीक भोकांतून मळकं तेल आत जातं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून पुन्हा इंजिनात येतं. तोंडाभोवतीच्या खाचेत काळी रबरी रिंग बसवलेली असते. तेल बाहेर गळू न देणं हे तिचं काम. ही फिल्टरची कल्पना अमेरिकेतल्या अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात आणली. त्याआधी तेल फारच लवकर बदलावं लागे.

दुकानदार काकांनी दोन फिल्टर पुढं ठेवले. दिसायला अगदी जुळे भाऊ! मी स्वस्तातला उचलला, तर काका म्हणाले, "बाई, आट्यात बसला म्हणजे आपला झाला असं नसतं. नंबर बघा." खरंच आहे ते. आत एक छोटा झडपेचा दरवाजा असतो. कागद घाणीनं तुंबला की तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढं जाऊ देतो. कारण मळकं तेल एक वेळ चालेल, पण तेलच नसलं तर इंजिन घासून खलास! हा दरवाजा किती दाबाला उघडायचा हे इंजिनाप्रमाणं ठरतं आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबर पाहूनच फिल्टर घ्यायचा. मी मुकाट्यानं नंबरचा घेतला.

घरी येऊन आप्पांनी केलेल्या लाकडी उतरणीवर गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कुणीही जायचं नाही. आणि मुलांनी तर उतरणीवरच्या गाडीखालीसुद्धा नाही. ओम बाहेर होता.) इंजिन कोमट होतं. कोमट तेल पटकन वाहतं, पण तापलेलं असेल तर हात भाजतो. खालचा नट काढून काळं तेल पाटीत सोडलं.

मग फिल्टरला हात घातला. हलेना! गेल्या वेळी घाईत गॅरेजमध्ये बदलून घेतला होता, त्यांनी फारच आवळला असावा. हात तेलकट, फिल्टर गुळगुळीत. त्यात मी उताणी पडलेली, त्यामुळं डावं-उजवं कळेना. अशा वेळी फिल्टरच्या बंद बुडाकडं बघायचं आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. काहीजण स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात. मला ते पटत नाही. पत्रा फाटला आणि फिल्टर तिथंच राहिला तर करणार काय? मी हात पुसले, फिल्टरभोवती पॉलिश पेपर गुंडाळला, खरखरीत बाजू पत्र्याकडं, आणि दम धरून पिळला. कर्रकन सुटला! बाहेर येऊन तो ओमकडं दिला.

ओमनं दोन्ही फिल्टर शेजारी धरले. "आत्या, नव्याला काळी रिंग आहे. जुन्याला नाही."

"जुना आहे रे, झिजली असेल. मधे मधे बोलू नकोस."

हे मी म्हटलं, मुलांनो. वर्गात 'शंका विचारा, शंका विचारा' म्हणून घसा कोरडा करणाऱ्या बाईंनी!

नव्या रिंगेला बोटानं थोडं नवं तेल लावलं, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवलं, त्यापुढं आणखी पाऊण फेरा. अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण मी नेहमी देते. नट लावला, नवं तेल ओतलं, गाडी चालू केली. डॅशबोर्डवरचा झारीच्या चित्राचा लाल दिवा विझला. खाली वाकून पाहिलं, थेंबही नाही. झाली की फत्ते!

वेशीपर्यंत गेलो आणि तो लाल दिवा पुन्हा लागला. आप्पांचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलंय: हा दिवा लागला की घर जवळ आहे, गॅरेज जवळ आहे असलं काही बघायचं नाही, इंजिन जागच्या जागी बंद. केलं. मागं वळून पाहिलं तर रस्त्यावर काळी वाट उमटली होती.

माझं डोकंच फिरलं. ओमच्या हातात पिशवीत जुना फिल्टर होता, त्याला तसाच घेऊन दुकान गाठलं. दुकानात चार गिऱ्हाइकं. त्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडीलही होते. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, आप्पांना असा माल दिला नसता तुम्ही. मी बाईमाणूस, मला काय कळतंय, म्हणून नकली गळ्यात मारलात ना?"

काकांचा चेहरा उतरला. आवाज मात्र चढला नाही. "जुना बघू," एवढंच म्हणाले. ओमनं पिशवी पुढं केली. काकांनी फिल्टर उलटा केला, रिकाम्या खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "याचं रबर कुठंय, बाई?"

ओम माझ्याकडं बघत होता. बोलला काहीच नाही.

रबर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं! उष्णतेनं ते कडक होतं आणि लोखंडाला घट्ट धरून बसतं. त्याच्यावरच मी नवं रबर आवळलं. दोन रिंगा एकमेकींवर नीट बसत नाहीत. आणि पंप जे तेल ढकलतो त्याला घट्ट फुगवलेल्या सायकलच्या चाकातल्या हवेइतका दाब असतो. गाडी जागेवर असताना निभावलं, वेग येताच एक रिंग सरकली.

मी काकांची माफी मागितली, त्याच चौघांसमोर. एकट्यानं मागणं सोपं होतं, पण आरोप चौघांत केला होता ना! काका म्हणाले, "आप्पांचंही एकदा असंच झालं होतं." खरं की मला बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. त्यांनी दुकानातला पोरगा बरोबर दिला, रस्त्यावर टाकायला भुशाचं पोतं दिलं आणि पाटीतलं काळं तेलही आणून द्यायला सांगितलं. ते गटारात, शेतात टाकायचं नाही. कायद्यानं तो घातक कचरा आहे. काकांकडं त्यासाठी पिंप आहे, ते शुद्ध करणाऱ्यांकडं जातं.

परतताना ओमला म्हटलं, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"आत्या, मला पण वाटलं झिजली असेल," तो म्हणाला. माझ्यावरची दया असावी ती!

उन्हाळ्याच्या सुट्टीत ओम पुन्हा आला. आप्पा खुर्चीत, मी गाडीखाली. फिल्टर या वेळी हातानंच सुटला. मी तो बाहेर सरकवला. काही क्षण शांतता. मग ओमचा आवाज आला, "रबर आलंय, आत्या. तरी तू वर बोट फिरवून बघ."

मी बोट फिरवून बघितलं.