बंदर पाहिलं, शहर राहिलं

स्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बार्सिलोनाची टीम, बैलांच्या पुढे पळणारी माणसं आणि 2011 पासून 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधला तो टोमॅटोचा राडा. कादिझचं नाव या यादीत नसतं. माझ्याही नव्हतं.

2016 च्या सप्टेंबरमध्ये आमचं जहाज तिथे लागलं. जहाज म्हणजे आमचं कॉलेजच. एक अख्खं सेमिस्टर वर्ग, लायब्ररी, परीक्षा सगळं पाण्यावर आणि अधूनमधून एखादं बंदर. (स्कॉलरशिप आणि एज्युकेशन लोन, दोघांचाही विजय असो!) कादिझच्या वाट्याला आले होते अडीच दिवस. रविवारी संध्याकाळी सहाला परत बोटीवर. उशीर झाला तर पुढच्या बंदरात शिक्षा म्हणून काही तास बोटीवरच बसायचं.

शिडीवरून उतरल्या उतरल्या निम्मं पब्लिक सेव्हिलच्या ट्रेनकडे पळालं. मी मात्र कादिझमध्येच राहिले. रूममेटला वाटलं, पैसे वाचवतेय. तेही खरं होतंच म्हणा.

पण खरं कारण बाबा.

माझ्या बाबांनी 26 वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. आमच्या डोंबिवलीच्या घरात आई कालनिर्णयवर पेन्सिलीने बंदरांची नावं लिहायची. त्यात 'अल्हेसिरास' कितीदा तरी यायचं. ते इथून खाली, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर. लहानपणी मी विचारायचे, 'बाबा, स्पेन कसं आहे?' उत्तर ठरलेलं: 'दिवे छान दिसतात.' मला राग यायचा. माझ्या दहावीच्या रिझल्टला हा माणूस नव्हता, ताईच्या साखरपुड्याला नव्हता, आणि जिथे होता तिथलं सांगायला याच्याकडे काय, तर दिवे!

पुढे कळलं, की कंटेनरची बोट सकाळी लागते आणि रात्री सुटते. क्रेन थांबत नाहीत. शहर गेटच्या पलीकडे, टॅक्सीच्या भाड्याइतकं लांब. त्यात इंजिनवाल्यांचं नशीब आणखी खास. बोट थांबते तेव्हाच मशीन उघडता येतं, त्यामुळे बंदर आलं की यांचं काम वाढतं.

कादिझचं तसं नाही. जुनं शहर जवळजवळ चारही बाजूंनी पाण्यात आणि धक्का त्याच्या उंबऱ्यालाच. गेटबाहेर पडलं, रस्ता ओलांडला, की तुम्ही गल्लीत. तिथले लोक गावाला प्रेमाने 'काई' म्हणतात, शेवटची अक्षरं चक्क खाऊन टाकतात! गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या बाल्कनीतली काकू आपल्या डोक्यावरून शेजारणीशी गप्पा मारते. दुपारी दोननंतर दुकानांची शटर्स खाली, रस्ते ओस. मला वाटलं, संप आहे की काय! आणि रात्री दहाला बघावं तर चौकात आजोबांपासून बाबागाडीतल्या पोरांपर्यंत सगळं गाव हजर. जाम हॅपनिंग. त्यासाठी डिस्को लागत नाही, दोन बाकडी पुरतात.

तोर्रे ताविरा नावाच्या मनोऱ्यावर चढले. 1717 मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापाराची कचेरी सेव्हिलहून इथे आली आणि कादिझच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली, अक्षरशः. आपलं जहाज येताना लांबूनच दिसावं म्हणून त्यांनी घरांवर टेहळणीचे मनोरे बांधले, शंभराहून जास्त. कोलंबसही आपल्या दुसऱ्या सफरीला 1493 मध्ये इथूनच सतरा जहाजं घेऊन निघाला होता. मनोऱ्यात वरती एक अंधारी खोली आहे. आरसा आणि भिंगांच्या करामतीने तिथल्या पांढऱ्या तबकडीवर बाहेरचं शहर जसंच्या तसं उमटतं, हलतं-बोलतं (बोलत नाही, पण तसं वाटतं). गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, सीगल, आणि कोपऱ्यात आमची बोट.

सगळे बघत होते ती कॅथेड्रलचा पिवळा घुमट. मी बघत होते त्या गच्च्या. इथे वाट बघायला श्रीमंतांनी मनोरे बांधले. आईकडे पेन्सिल होती.

शनिवारी मासळी बाजारात गेले. 1838 सालचा हा बाजार, आणि आवाज थेट ससून डॉकचा. टुना, कोळंबी, माकूल, सगळे ओळखीचे चेहरे. बाजूच्या टपरीवर 'कासोन एन आदोबो' घेतलं. म्हणजे आपली मोरी हो! व्हिनेगर, लसूण, जिरं लावून मुरवायची आणि तळायची. त्यानंतर आली 'तोर्तियीता दे कामारोनेस'. इवलीशी कोळंबी, कांदा, पार्सली, मैदा आणि चक्क बेसन. पहिला घास घेतला आणि मी रत्नागिरीत. आजीच्या जवळ्याच्या भज्या! फक्त पातळ, जाळीदार, आणि हिरवी मिरची गायब. एवढी मोठी दर्यावर्दी परंपरा आणि मिरची घालायला विसरले, काय म्हणावं!

संध्याकाळी ला कालेता नावाच्या चौपाटीवर बसले. दोन टोकांना दोन किल्ले, मध्ये मूठभर वाळू. 2002 च्या 'डाय अनदर डे' या बाँडपटात हीच जागा हवाना म्हणून खपवली होती. इथल्या आज्या मात्र बाँडला मोजत नाहीत. घरून खुर्च्या आणून पत्ते कुटत होत्या. सूर्य बुडायला आठ वाजून गेले. म्हणजे डोंबिवलीत पावणेबारा. बाबा जागे असणार हे माहीत होतं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण बारा ते चारची वॉच काही अंगातून गेली नव्हती.

कॅफेच्या वायफायवरून फोन लावला. गल्ल्या सांगितल्या, मनोरा सांगितला, पत्तेवाल्या आज्या सांगितल्या. मी सांगतेय आणि ते ऐकतायत, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आम्ही तिथून पुढे जायचो गं. रात्री. उजव्या हाताला दिवे दिसायचे. मी वर येऊन बघायचो, पाच मिनिटं.'

'मग मला का नाही सांगितलं?'

'सांगायचो की. दिवे छान दिसतात म्हणून.'

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी भज्यांचं सांगितलं. बेसन म्हटल्यावर आवाज एकदम बदलला.

'जवळा ओला होता की सुका?'

'ओला, बाबा.'

'थांब, आईला उठवतो.'