चार शाखा आणि एक कॉलम

जुन्या मराठी दुकानांत एक पाटी हमखास दिसायची: 'आमची कोठेही शाखा नाही'. लहानपणी मला तो निव्वळ माज वाटायचा. आता वाटतं, पुढे एक्सेल नावाचा प्रकार येणार आहे हे त्या मालकांना आधीच कळलं असावं!

आमच्या मामांच्या मात्र शाखा आहेत. औषधांची चार दुकानं: मेन रोड, पंचवटी, सिडको आणि नाशिक रोड. मेन रोडचं रात्रभर उघडं, बाकीची साडेदहाला बंद. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग गूगलवर आपलं जरा नीट टाकून दे," असं मामा म्हणाले. म्हटलं, एका रविवारचं काम.

गूगल बिझनेस प्रोफाइलवर (२०२१ पर्यंत हे गूगल माय बिझनेस होतं) प्रत्येक शाखेची वेगळी नोंद करावी लागते. दहा किंवा जास्त शाखा असतील तर एकगठ्ठा पडताळणी मागता येते. आम्ही चारवाले, त्यामुळे प्रत्येक दुकानाचा व्हिडिओ: आधी रस्ता, मग पाटी, मग शटरला किल्ली लावणारे मामा. लग्नातही त्यांनी इतक्या पोझ दिल्या नसतील.

खरी गंमत पत्त्यांत. सिडको म्हणजेच नवीन नाशिक, म्हणून जुन्या नोंदींत एकच दुकान दोन नावांनी दोनदा. इंग्रजीत नाशिक लिहिताना कुणी 'एच' घालतं, कुणी खातं. आणि नाशिक रोड! बाहेरच्याला तो रस्ता वाटतो, पण रेल्वे स्टेशन आणि नोटांचा छापखाना असलेलं ते अख्खं उपनगर आहे. उलट चाकणवरून येणारा पुणे-नाशिक रोड हा खराखुरा रस्ता. त्यामुळे ४२२१०१ हा पिनकोड टाकून मी थांबलो नाही, नकाशावरची पिन स्वतः ओढत बरोब्बर शटरवर आणून ठेवली.

एवढं सगळं मन लावून केलं आणि माती खाल्ली सगळ्यात सोप्या कॉलममध्ये. वेळा भरताना मेन रोडची ओळ भरली आणि खाली ड्रॅग केली. चारही दुकानं चोवीस तास उघडी!

दहा दिवसांनी, रात्री पावणेदोनला, सिडकोच्या बंद शटरसमोर एक गृहस्थ उभे होते. मुलीला दम्याचा त्रास सुरू झालेला, घरातला इनहेलर संपलेला, आणि मोबाईल सांगतोय 'उघडे आहे'. त्यांनी नोंदीतला नंबर लावला. तो दुकानाचा लँडलाइन. शटरच्या आत वाजत असलेला त्यांना बाहेर ऐकू येत होता. शेवटी मेन रोडचा नंबर लागला, तिथल्या मुलाने फोन उचलला आणि ते बाईकवर तिकडे गेले. इनहेलर मिळाला, मुलगी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सिडकोच्या नोंदीवर एक तारा.

मामांनी मला फक्त स्क्रीनशॉट पाठवला. मी लगेच लिहिलं, "लोक बदल सुचवतात मामा, गूगल कधीकधी ते परस्पर लावतं." हे खरं आहे, तसं होतं. पण तेव्हा मी अजून शीट उघडूनही पाहिली नव्हती. उघडली. मग फोन करून सांगितलं की चूक माझी आहे. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

त्या रविवारी स्कूटर काढली. प्रत्येक दुकानासमोर उभं राहून आपलीच नोंद गिऱ्हाइकासारखी शोधली, दाखवलेल्या नंबरला फोन लावला. पंचवटीचा नंबर तर भलत्याच माणसाने उचलला! लँडलाइन काढून मोबाईल टाकले, दिवाळीच्या वेळा वेगळ्या भरल्या. त्या एक ताऱ्याखाली 'चूक आमची होती' एवढंच लिहिलं. तारा अजून एकच आहे.

मामांनी मात्र माझी वाट पाहिली नव्हती. सिडकोच्या शटरवर ताजा लाल ऑइलपेंट दिसला: 'रात्री औषधासाठी मेन रोड', आणि खाली वीतभर आकड्यांत नंबर. पेंटरने पडताळणी मागितली नाही म्हणे.