मनोऱ्याखालची माणसं

एकदा वर्गात मी ब्रूगेल या चित्रकाराचं, बायबलमधल्या गोष्टीवरचं 'बाबेलचा मनोरा' हे १५६३ सालचं चित्र दाखवलं. ढगांना भिडलेला मनोरा, पायाशी खेळण्यातल्यासारखं शहर! "बघा, केवढी ही राजाची सत्ता!" मी म्हटलं.

तेवढ्यात एक मुलगा उठला. त्याचे वडील गवंडी. "बाई, ही दगड फोडणारी माणसं गुडघे टेकून का बसलीत?"

खाली डाव्या कोपऱ्यात राजा उभा होता आणि पाथरवट त्याच्यापुढे वाकले होते. इतक्या वर्षांत मला ते दिसलेच नव्हते! मग नीट पाहिलं, तर मनोराही कललेला, अर्धवटच.

तेव्हा मुलांनो, भव्य इमारतीचं चित्र पाहाल, तर आधी त्यातली छोटी माणसं शोधा. इमारत कुणाच्या घामातून उभी राहिली, ते तीच सांगतात.